गॉस्पेल मेडलीचे सांधे एआयने जोडून बघितले, दोन महिन्यांचा अनुभव

जय ख्रिस्त! आमच्या क्वायरमधली मुलं आणि ओळखीचे दोन-तीन कीबोर्डवाले सारखे विचारतायत की एआयने गॉस्पेलची ट्रान्झिशन्स, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जायचे सांधे, खरंच बनतात का, पैसे भरावेत का, कुठलं टूल घ्यावं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी नोकरी सांभाळून गेली अकरा वर्षं चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतोय आणि आमच्या गाण्यांचं मिक्सिंग कुर्ल्याला घरीच करतो. यावेळी पुनरुत्थान दिनासाठी (ईस्टरसाठी) चार गाण्यांची सलग मेडली करायची ठरली, साधारण १९ मिनिटांची, मधे कुठेही न थांबता, आणि तिच्यातले तीन सांधे मी वेगवेगळ्या एआय टूल्सनी जोडून बघितले.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. महिन्याचे पैसे भरून घेतलेलं गाणं बनवणारं टूल मी बंद करतोय. फुकटची तीन ठेवतोय. आणि ढोलकवाले काका रिहर्सलला नसतील तर यातल्या एकाही टूलचा काही उपयोग नाही, हे मी मनापासून लिहितोय.

आता सविस्तर. मेडलीतलं पहिलं गाणं जुनं, नारायण वामन टिळकांचं भजन, पेटी आणि ढोलकावर, पांढरी पाचमध्ये (म्हणजे जी पट्टीत), केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात. दुसरं आमचं नवीन, गॉस्पेल ढंगाचं, पांढरी सहामध्ये (ए पट्टीत), सहा-आठ तालाच्या झुल्यात, ड्रमसेट आणि ऑर्गनसकट. तिसरं एकदम हळू, प्रार्थनेचं. चौथं टाळ्यांचं, जोरात. म्हणजे पहिला सांधाच सगळ्यात अवघड, कारण तिथे पट्टी बदलते, ताल बदलतो, वाद्यं बदलतात आणि वर चर्चमधल्या मंडळीने बसल्या जागेवरून उभं राहून गायला लागायचं असतं.

हे उभं राहण्याचं फार महत्त्वाचं आहे. गॉस्पेलमधलं ट्रान्झिशन हा मंडळीला दिलेला इशारा असतो. शिकागोमध्ये १९३० च्या दशकात संगीतकार थॉमस डॉर्सींनी ब्लूजची वळणं चर्चच्या गाण्यात आणली, पुढे हॅमंड हा इलेक्ट्रिक ऑर्गन त्या संगीताचा आवाजच होऊन बसला, आणि तेव्हापासून तिथला ऑर्गनवाला गाणाऱ्यांशी आणि मंडळीशी बोलत असतो. ओळ संपली की तो एक पायरी वर चढतो, लेस्लीचा, म्हणजे ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरचा, भोंगा हळू फिरत असतो तो जोरात फिरायला लागतो, ड्रमर एक फिल देतो, आणि त्या दोन बारमध्ये शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळतं की आता वरच्या पट्टीत, आता सगळ्यांनी. आपल्याकडे भजनात हेच काम तिहाई करते, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं. तिहाई सुरू झाली की टाळी कुठे पडणार हे आजीला पण कळतं, तिला मात्रा मोजाव्या लागत नाहीत. म्हणून मी प्रत्येक टूलला एकच प्रश्न लावला, हा सांधा ऐकून मंडळीला कळेल का की आपण कधी शिरायचं?

सुरुवात पैसेवाल्या टूलने केली. नाव घेत नाही. महिन्याला दहा डॉलरच्या आसपास, ब्राउझरमध्येच चालतं, आपलं रेकॉर्डिंग चढवायचं आणि मग दोन रस्ते असतात, एक म्हणजे गाणं पुढे वाढवून घ्यायचं, दुसरा म्हणजे अलीकडचा आणि पलीकडचा तुकडा देऊन मधलं भरून घ्यायचं. मी आधी पहिला रस्ता धरला, भजनाचे शेवटचे वीस सेकंद दिले आणि लिहिलं की गॉस्पेल ऑर्गन, एक सूर वर मॉड्युलेशन, क्वायरची एंट्री. आवाज ऐकून मी खुर्चीतून उठलोच, इतका सुंदर ऑर्गन, तो गरगरणारा लेस्ली, अगदी शिकागोच्या चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. आमच्याकडे खरा हॅमंड कुठून येणार, कीबोर्डच्या ऑर्गन पॅचवरच आयुष्य चाललंय. पण पट्टी बदलेना. चाळीसेक वेळा करून बघितलं असेल, बहुतेक वेळा ते पांढरी पाचमध्येच घुटमळत राहिलं. कारण समजण्यासारखं आहे, पुढे वाढवणारं मॉडेल आधी जे ऐकलंय त्याच्यासारखंच पुढे काय येईल याचा अंदाज घेत चालतं, त्याला वीस सेकंद पांढरी पाच ऐकवली तर ते तिथून हलायला तयार होत नाही.

मधलं भरायचा रस्ता बरा निघाला. दोन्ही बाजू दिल्या की त्याला जायचं कुठे हे माहीत असतं, आणि पाचसहा प्रयत्नांत दोनदा तरी पट्टी नीट बदलली. पण ते आमच्या रेकॉर्डिंगमध्ये बसवायला गेलो तेव्हा खरी कसरत सुरू झाली. आमची पेटी ४४० हर्ट्झला नाही, साधारण २० सेंट (अर्ध्या सुराच्या पाचव्या भागाइतकी) चढी आहे, जुन्या पेट्या अशाच असतात, आणि टूलने दिलेला तुकडा जवळजवळ ४४० वर, त्यामुळे सांध्यावर दोन्ही एकत्र वाजले की कानाला खटकायचं. तो तुकडा २० सेंट चढवून घेतला, ते जमलं. लय मात्र जमली नाही. भजन आम्ही क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) गात नाही, कडव्याला थोडं ढिलं पडतं, धृपदाला सरकतं, आणि टूलने त्या सरकण्याचा मधेच कुठलातरी सरासरी वेग पकडून एक भलंमोठं, भरगच्च, सिंबल आणि ब्रास आणि ऑर्गन एकदम असलेलं वळण दिलं. हेडफोनवर भारी वाटतं. हॉलमध्ये वाजवलं तर चौदा जणांच्या क्वायरमधले सहा जण आधी शिरले, पाच जण नंतर, आणि बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. इतकं भरलेलं होतं की श्वास घ्यायला जागाच नव्हती.

आणि एक गोष्ट. त्या वळणात टूलने स्वतःहून एका बाईचा आवाज घातला होता, शब्द नाहीत, नुसते आलापासारखे ऊ-ओ, पण गोड. आमच्या अल्टोमधल्या (बायकांच्या खालच्या आवाजातल्या) मावशींनी ऐकून विचारलं, "ही कोण गातेय रे, कुठल्या चर्चची?" मी म्हटलं, कोणीच नाही मावशी, मशीनने बनवलंय. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग ती स्तुती कोणाची झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटची कुर्ला लोकल पकडून घरी गेलो आणि त्याच रात्री तो आवाज काढून टाकला. वाद्यांचं मी समजू शकतो, सिंथचा पॅड काय, सॅम्पल केलेला पियानो काय, आपण वर्षानुवर्षं वापरतोच. पण उपासनेच्या गाण्यात जो आवाज स्तुती करतोय तो कोणातरी माणसाचा असला पाहिजे, त्या माणसाने त्या दिवशी ते म्हटलेलं असलं पाहिजे, यावर माझं मत आता पक्कं झालंय आणि ते बदलेल असं वाटत नाही.

पुढचं टूल, आणि हे मात्र प्रत्येकाने घ्याच. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर, फुकट आहे, त्याच्यात डेमुक्स हे मेटाच्या संशोधकांचं मॉडेल चालतं, आपल्याच कॉम्प्युटरवर, काही अपलोड करावं लागत नाही. ते गाण्याचे चार भाग करतं, आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं. पेटीला स्वतःचा डबा नाही, ती बाकीच्यात जाते, हे लक्षात ठेवा. ज्या गाण्यांवर ही मॉडेल्स शिकली ती बहुतेक पाश्चात्त्य बँडची, त्यामुळे ढोलकाची थाप आणि घुमारा एकाच डब्यात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका, ड्रम आणि बेसचे दोन्ही डबे एकत्र ऐकून घ्या. पण आवाज? आमच्या मागच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमधून, ज्यात भायखळ्याच्या गाड्यांचे भोंगेसुद्धा आहेत, भजनाच्या शेवटच्या ओळीचा समूहस्वर इतका स्वच्छ बाहेर आला की मी तो तसाच्या तसा वापरला.

आणि त्यातूनच पहिला सांधा सुटला. भजनाची शेवटची ओळ पंचमावर थांबते. पांढरी पाचचा पंचम म्हणजे डी. हा डी धरून ठेवला आणि खालचे कॉर्ड बदलत नेले तर काय होतं बघा. जी मेजरवर तो पाचवा सूर आहे. खाली बी मायनर सेव्हन आणला की तोच डी त्याचा तिसरा सूर होतो, आणि बी मायनर हा जी मध्ये तिसरा आणि ए मध्ये दुसरा, म्हणजे दोन्ही घरांत राहणारा कॉर्ड. मग ई चा बेस आणि वर डी मेजर. गॉस्पेलवाल्यांचा हा लाडका कॉर्ड, आणि गंमत अशी की डी मेजर हा जुन्या पट्टीचा पाचवा कॉर्ड, फक्त पायाखाली ई सरकवला की तो नवीन पट्टीचं दार होतो. मग ए मेजर, आणि गाणारे डी वरून सी शार्पवर उतरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या सा चा पंचम हाच नवीन सा चा मध्यम, आणि तो गंधारावर उतरला की कानाला आपोआप कळतं की घर बदललंय. चॅटबॉटला विचारलं होतं तेव्हा त्याने बी मायनर, ई सेव्हन, ए असं सांगितलं, ते बरोबरच आहे, पुस्तकात तसंच असतं. ई सेव्हनच्या जागी डी ओव्हर ई ठेवल्यावर मात्र अंगावर काटा आला, कारण ई सेव्हनमध्ये धरून ठेवायला डी आहे पण त्याच्या शेजारी जी शार्प ओढत असतो, आणि डी ओव्हर ई मध्ये ओढ नाही, नुसतं उघडणं आहे.

गूगलच्या मॅजेंटा गटाचं मॅजेंटा स्टुडिओ पण फुकट आहे आणि त्यात इंटरपोलेट नावाचं एक टूल आहे, दोन मिडी क्लिप (सुरांची डिजिटल नोंद) द्यायच्या, एकीतून दुसरीत हळूहळू जाणाऱ्या मधल्या क्लिप ते बनवून देतं. नाव ऐकून मला वाटलं होतं की हेच आपलं उत्तर. भजनाची शेवटची ओळ आणि नवीन गाण्याची पहिली ओळ अशी जोडी दिली. एक अडचण सांगतो, त्यामागचं मॉडेल चार-चारच्या बारमध्ये आणि सोळाव्या भागाच्या चौकटीत बांधलेलं आहे, त्यामुळे सहा-आठचा झुला त्याच्यात मावत नाही. म्हणून मी त्याच्या लयीकडे बघितलंच नाही, फक्त सूर घेतले. एका क्लिपमध्ये बेससाठी चार सुरांची चढण मिळाली जी मला स्वतःला सुचली नसती, ती ठेवली. त्याच पॅकेजमध्ये ड्रमिफाय आहे, नुसता ठेका दिला की त्यावर ड्रमसेट बसवून देतं, आमच्या ड्रमरला केरव्याची कल्पना द्यायला ते बरं पडलं.

दुसरा सांधा, नवीन गॉस्पेल गाण्यातून प्रार्थनेत, तिथे स्टेबल ऑडिओ ओपन वापरलं. हे मॉडेल ४७ सेकंदांपर्यंत ऑडिओ बनवतं, स्टिरिओ, ४४.१ किलोहर्ट्झ. बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय की हे संगीतापेक्षा साउंड इफेक्टला जास्त चांगलं आहे, आणि मला नेमकं तेच पाहिजे होतं. वाऱ्यासारखी हवा, उलटा वाढत जाणारा सिंबल, दूरवर घुमणारं काहीतरी. मित्राच्या ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीवर एका शनिवारी बसून तीसेक तुकडे काढले, त्यातले चार कामाचे. पण त्यावर पॅड (लांब धरून ठेवलेला मऊ आवाज) मी हाताने वाजवला आणि मुद्दाम फक्त सा आणि प धरला, गंधार घेतलाच नाही, म्हणजे मेजर की मायनर हे उघडंच राहतं. कारण आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना कधी एक मिनिट चालते, कधी चार, आणि कुठलंही ठरलेल्या लांबीचं ट्रान्झिशन तिथे चालतच नाही. एआयने बनवलेला सुंदर चाळीस सेकंदांचा तुकडा संपला आणि साहेब अजून आजारी लोकांची नावं घेतायत, मग काय करणार? तिथे डावा हात कीबोर्डवर ठेवून डोळे उघडे ठेवणारा माणूसच लागतो.

तिसऱ्या सांध्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ७० च्या लयीतून १४० मध्ये, बरोबर दुप्पट, त्यामुळे ड्रमरने दुगुण सुरू केली की झालं. रिहर्सलच्या डेमोसाठी लॉजिक प्रो या अ‍ॅपलच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले सेशन प्लेयर वापरले, २०२४ पासून त्यात ड्रमरच्या जोडीला बेस आणि कीबोर्ड वाजवणारे पण आलेत, आपण कॉर्ड लिहून दिले की ते त्यामागे चालतात. डेमोला उत्तम.

आता परत पहिल्या सांध्याकडे. कॉर्ड झाले, आवाज झाला, बेसची चढण झाली, सिंबल झाला, मी खूश होऊन रविवारी उपासनेनंतर काकांना ऐकवलं. काका आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून ढोलक वाजवतात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सगळं आहे बाळा, पण सम कुठाय?" आणि मग मांडीवरच हाताने करून दाखवलं. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रा. पाच मात्रांचा बोल तीनदा, मधे दोन वेळा एकेक मात्रेचा दम. पाच, एक, पाच, एक, पाच, झाल्या सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. मला बसल्या जागी उमगलं की माझे कॉर्डपण तीनच आहेत! पहिला बोल जी वर, दुसरा बी मायनरवर, तिसरा डी ओव्हर ई वर, आणि सतराव्या मात्रेला ए मेजर, ड्रमसेट, ऑर्गन, सगळी मंडळी. आणि ते जे दोन दम आहेत ना, एकेक मात्रेचे, तिथे सगळं थांबतं, आणि तिथेच लोक श्वास घेतात. टूलने जी जागा भरून टाकली होती ती काकांनी रिकामी करून दिली.

सगळा सांधा जेमतेम पाच सेकंदांचा आहे. पुनरुत्थान दिनाच्या पहाटेच्या उपासनेला तो वाजला तेव्हा मी पडद्यावर शब्द लावायला सांगायचं विसरलो होतो, तरी सतराव्या मात्रेला मंडळी उभी राहून गात होती.

हक्कांबद्दल दोन शब्द, कारण हे कोणी बघत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे त्यांचे शब्द आता सगळ्यांचे आहेत. पण चाल नंतरच्या कोणी बांधलेली असेल तर ती वेगळी, आणि एखाद्या कंपनीचं रेकॉर्डिंग तर त्याहून वेगळं, ते उचलून टूलमध्ये टाकू नका. मेटाच्या म्युझिकजेन या संगीत बनवणाऱ्या मॉडेलबद्दल एकाने विचारलं होतं, त्याच्या मॉडेलचं लायसन्स बिगर-व्यावसायिक आहे, म्हणजे चॅनेलवर जाहिराती चालू असतील तर नीट विचार करा. बऱ्याच टूल्सच्या फुकट प्लॅनचंही असंच असतं. शिवाय जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआयने गाणी बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांवर अमेरिकेत खटले भरले, पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये युडिओने त्यातल्या युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीशी तडजोड केली आणि त्यानंतर तिथून गाणी डाउनलोड करणंच बंद झालं. सांगायचं कारण एवढंच की जे बनवाल ते त्याच दिवशी आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

तर विकत काय घ्यावं? गाणं बनवणारं टूल ट्रान्झिशनसाठी नको, एखाद-दुसरा महिना कान तयार करायला घेतलंत तर ठीक, ऑर्गनवाला कुठे वर चढतो ते ऐकायला खरंच मदत होते. त्यापेक्षा तेच पैसे जमवून एक बरं ऑर्गन प्लगइन घ्या ज्यात नऊ ड्रॉबार (आवाजाचा रंग बदलणाऱ्या दांड्या) स्वतः ओढता येतात, पहिले तीन पूर्ण बाहेर आणि बाकीचे आत ठेवून सुरुवात करा, आणि लेस्लीचा हळू-जोरात बदल पायाच्या स्विचवर लावा. तो स्विच नेमका कधी दाबायचा हे तुमच्या हातात राहिलं पाहिजे, ऑडिओच्या तुकड्यात ते आधीच शिजून येतं आणि मग हलवता येत नाही. डेमुक्स, मॅजेंटा आणि स्टेबल ऑडिओ ओपन फुकट आहेत, वेळ द्यावा लागतो.

एक चूक आमच्याकडून राहिली ती पण सांगतो. पांढरी सहामध्ये नवीन गाण्याचा शेवट बायकांना वर पडला, पहाटे सहाला घसे उघडलेले नसतात. पेन्टेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या) उपासनेला पूर्ण मेडली एक सूर खाली, म्हणजे भजन पांढरी चार आणि पुढचं पांढरी पाच असं करतोय, सांधा तोच राहील. आणि येत्या रविवारी काकांच्या तिहाया रेकॉर्ड करायला बसतोय, केरवा, दादरा आणि भजनी ठेका, प्रत्येकी चार, ढोलक पेटीच्या सुराला लावून. काकांची अट एकच, कुठल्या वेबसाइटवर चढवायच्या नाहीत, क्वायरमधल्या ज्या पोराला पाहिजे त्याने घरी येऊन घ्यायच्या आणि आधी हातावर वाजवून दाखवायच्या.